एडिनबरा एका दिवसात, किल्ल्यावरून खाली

एडिनबराचं जुनं शहर एका उतारावर बसलं आहे. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला होलीरूडचा राजवाडा आणि दोघांना जोडणारा १.८ किलोमीटरचा रस्ता, म्हणजे रॉयल माइल. किल्ल्यासमोरचं पटांगण समुद्रसपाटीपासून १०९ मीटरवर आहे, राजवाडा ४२ मीटरवर. खाजगी गाइड घेऊन एका दिवसात शहर बघायचं असेल, तर सगळी आखणी या ६७ मीटरच्या फरकाभोवती करावी लागते. वरून खाली आलात तर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे संध्याकाळी उभे असतात. उलट दिशेने गेलात तर दुपारी दोनलाच कोणीतरी बाकावर बसतं आणि उठत नाही. भारतातून आणि लंडन-मँचेस्टरकडून येणाऱ्या मराठी कुटुंबांना इथे फिरवण्याचं काम आम्ही करतो. हा दिवस ठरतो कसा, जातो कसा आणि कुठे अडतो, ते इथे लिहितो आहोत.

आधी बुकिंग. ब्रिटनमध्ये गाइडचं काम करायला कायद्याने परवाना लागत नाही, कोणीही स्वतःला गाइड म्हणवू शकतो. म्हणून बॅज विचारायचा. स्कॉटिश टुरिस्ट गाइड्स असोसिएशनचा ब्लू बॅज असलेला गाइड संपूर्ण स्कॉटलंडसाठी प्रशिक्षित असतो, ग्रीन बॅजवाला एका प्रदेशासाठी. फक्त एडिनबरा बघायचं असेल तर ग्रीन बॅज पुरेसा आहे. पैसे माणशी नसतात, गाइडच्या वेळेचे असतात: अर्धा दिवस म्हणजे चार तासांपर्यंत, पूर्ण दिवस म्हणजे आठ तासांपर्यंत. त्यामुळे दोघांना महाग वाटणारी सहल सहा जणांना चांगलीच परवडते. या रकमेत तिकिटं, जेवण आणि बसभाडं धरलेलं नसतं. ‘प्रायव्हेट’ आणि ‘स्मॉल ग्रुप’ यांतही गल्लत होते. स्मॉल ग्रुपमध्ये अनोळखी लोक बरोबर असतात आणि वेळापत्रक त्यांच्या बसप्रमाणे चालतं. ईमेलमध्ये स्पष्ट विचारून घ्या.

पायी की गाडीने, हा दुसरा प्रश्न. आमचं मत ठाम आहे: जुन्या शहरासाठी गाडी घेऊ नका. गाडी किल्ल्याच्या दारापर्यंत जात नाही, हाय स्ट्रीटचा काही भाग वाहनांना बंद आहे, पार्किंग दुर्मीळ आणि महाग आहे, आणि शहराच्या मध्यभागी १ जून २०२४ पासून कमी प्रदूषणाच्या क्षेत्राचे दंड लागू झाले आहेत. गाडीचे पैसे भरून निम्मा वेळ ती कुठे उभी करायची यात जातो. गाडी खरी उपयोगी पडते ती कोणाचे गुडघे दुखत असतील तेव्हा, किंवा दुपारनंतर शहराबाहेर, रॉसलिन चॅपल अथवा साउथ क्वीन्सफेरीचा १८९० चा फोर्थ रेल्वे पूल बघायला जायचं असेल तेव्हा. अशा वेळी ड्रायव्हर-गाइड घ्यावा आणि त्याच्याकडे भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना आणि विमा आहे का ते विचारावं. मुलांचं वय आणि उंचीही आधी कळवावी. इथल्या नियमानुसार मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटीमीटर उंचीचं होईपर्यंत गाडीत त्याला योग्य सीट लागते. ऐनवेळी सीट मिळत नाही आणि मांडीवर घेऊन बसण्याची सोय इथे नाही.

आमच्याकडून पहिल्या ईमेलमध्ये काही प्रश्न जातात: सगळ्यांची वयं, सलग किती पायऱ्या चढवतात, खाण्याचे नियम, आदल्या रात्रीचा मुक्काम कुठे, आणि संध्याकाळी गाडी किंवा विमान आहे का. शेवटच्या दोन प्रश्नांना लोक फार महत्त्व देत नाहीत, पण दिवस बिघडतो तो तिथेच. लंडनहून सकाळच्या गाडीने येऊन त्याच दिवशी सहल ठेवली, तर साडेचार तासांच्या प्रवासानंतर दुपारच्या ऐन गर्दीत किल्ला बघावा लागतो. आदल्या रात्री येऊन राहणं केव्हाही बरं.

आता वार. शक्यतो रविवार टाळा. सेंट जाइल्स हे मुख्य चर्च रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी असतं, पर्यटकांना दुपारी एकनंतर आत सोडतात, आणि किल्ल्यावरची एक वाजताची तोफ रविवारी उडत नाही. ऑगस्टमध्ये शहरात फ्रिंज महोत्सव आणि किल्ल्यासमोर मिलिटरी टॅटू, म्हणजे लष्करी वाद्यवृंदांचा सोहळा, असतो. रॉयल माइलवर जादूगार, गायक, पत्रकं वाटणारे कलाकार, आणि चालायला जागा नाही. महोत्सव बघायचा असेल तर ऑगस्टसारखा महिना नाही. शहराचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर मे, जूनचे पहिले आठवडे किंवा सप्टेंबर. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे खाली वर्णन केलेला दिवस दोन तासांनी आखडावा लागतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. होलीरूड राजवाडा राजाचं अधिकृत निवासस्थान असल्याने मे आणि जून-जुलैमध्ये काही दिवस पूर्ण बंद असतो, हिवाळ्यात आठवड्यातले काही वारही बंद. तारीख ठरवण्याआधी राजवाड्याचं वेळापत्रक उघडून बघा.

किल्ल्याचं तिकीट वेळेच्या खिडकीचं असतं आणि उन्हाळ्यात ते काही दिवस आधीच संपतं. मोठ्यांचं तिकीट वीस पौंडांच्या वर आहे. आम्ही नेहमी सकाळी साडेनऊची, म्हणजे दार उघडण्याची वेळ घेतो. ती मिळत नसेल तर दुपारी तीननंतरची घेऊन दिवस उलटा लावतो, पण अकराची घेत नाही. अकराला बसगाड्यांतले मोठे गट एकदम येतात.

सकाळी सव्वानऊला किल्ल्यासमोरच्या पटांगणावर, एस्प्लनेडवर भेटायचं. उन्हाळ्यात इथे टॅटूच्या बैठकींचे प्रचंड लोखंडी सांगाडे उभे असतात आणि समोरून किल्ला दिसतच नाही. चित्रात पाहिलेलं दृश्य कुठे गेलं म्हणून लोक हिरमुसतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. बॅगा तपासल्या जातात. मोठ्या सूटकेस आत नेता येत नाहीत, त्या वेव्हर्ली स्टेशनवर किंवा हॉटेलात ठेवून यावं.

आत जाण्याआधी पंधरा मिनिटं याच पटांगणावर काढावीत असा आमचा आग्रह असतो. इथे ७८ व्या हायलँडर्स पलटणीचं स्मारक आहे, उंच केल्टिक क्रूस. १८५७-५८ च्या उठावात मेलेल्या त्यांच्या सैनिकांसाठी ते उभारलं. त्यावर हत्ती कोरलेला आहे. हा हत्ती आला आपल्या जालना जिल्ह्यातून. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या सैन्याने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. त्यात ७८ वी आणि ७४ वी या दोन्ही स्कॉटिश पलटणी होत्या आणि त्या लढाईची खूण म्हणून हत्तीचं चिन्ह त्यांना मिळालं. गर्दी या क्रूसाकडे न बघता पुढे जाते. मराठी माणसाने मात्र इथे थांबायलाच हवं.

दरवाजातून आत गेल्यावर बहुतेक जण पहिल्या दुकानापाशी आणि तोफांपाशी रेंगाळतात. आम्ही तिथे थांबत नाही, थेट वर क्राउन स्क्वेअरला जातो. वाटेत उजव्या-डाव्या निवडीचा एक क्षण येतो: लँग स्टेअर्सच्या ७० पायऱ्या सरळ चढायच्या, की वळसा घेत जाणाऱ्या दगडी रस्त्याने जायचं. रस्ता लांब असला तरी गुडघ्यांना तोच बरा. चालायला फारच त्रास असेल तर वर नेणारी छोटी गाडी असते, तिची चौकशी दाराशीच करायची. पावसात इथले गोल दगड अतिशय निसरडे होतात. चपला, सँडल आणि गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. छत्रीही नको, वाऱ्यात ती पाच मिनिटं टिकत नाही. टोपी असलेलं पावसाळी जाकीट आणावं. वारा फारच वाढला तर किल्ला बंदही ठेवतात.

साडेनऊला आत शिरून पावणेदहाला क्राउन रूमपाशी पोहोचलं की रांग नसते. साडेदहानंतर हीच रांग अंगणात येते. आत स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार आहे. फोटो काढायला बंदी आहे. स्कॉटिश राजांचा राज्याभिषेक ज्या शिळेवर होई ती ‘स्टोन ऑफ डेस्टिनी’ पूर्वी याच खोलीत होती. मार्च २०२४ पासून ती पर्थच्या संग्रहालयात आहे. जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच व्हिडिओंत ती अजून इथेच दाखवतात.

या मुकुटाची हकिगत आम्ही खोलीत शिरण्याआधी अंगणात सांगतो, कारण आत थांबायला जागा नाही. १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली, तेव्हा ही राजचिन्हं एका पेटीत घालून खोलीला कुलूप लावलं. शंभरावर वर्षं ती तिथेच पडून होती. ती आहेत की कोणी नेली, हेही लोकांना ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी १८१८ मध्ये लेखक वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने पेटी उघडली. हे १८१८ साल ऐकलं की मराठी पाहुणे चमकतात. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. आणि ती बुडवणारा पुण्याचा रेसिडेंट, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, याच्या लहानपणाचे दिवस याच किल्ल्यात गेले, कारण किल्ल्याचा कारभार त्याच्या वडिलांकडे होता. पुढे तो शिकलाही इथल्याच रॉयल हायस्कूलमध्ये.

शेजारच्या राजवाड्यात एक अगदी छोटी, लाकडी फळ्यांनी मढवलेली खोली आहे. १९ जून १५६६ रोजी स्कॉटलंडची राणी मेरी हिने इथे सहाव्या जेम्सला जन्म दिला. १६०३ मध्ये तोच इंग्लंडचाही राजा झाला. दोन मिनिटांत बघून होते, पण मागे रांग लागली की त्या दोन मिनिटांना वीस मिनिटं लागतात. समोर १५११ च्या सुमारास बांधलेलं ग्रेट हॉल, त्याचं लाकडी छत वर मान करून नीट बघा. त्याच चौकात १९२७ चं राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. तिथे शांतता पाळतात आणि फोटो काढत नाहीत.

मग चौकातून बाहेर पडून, किल्ल्याच्या अगदी वरच्या खडकावर, सेंट मार्गारेटचं चॅपल. एडिनबरातली सर्वांत जुनी उभी इमारत, साधारण ११३० ची. एवढ्या लढायांत एवढीशी इमारत कशी वाचली, त्याचं उत्तर १३१४ मध्ये आहे. किल्ला तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. मार्च महिन्यातल्या एका रात्री स्कॉटिश सरदार टॉमस रँडॉल्फने जेमतेम तीस माणसांनिशी उत्तरेकडचा कडा चढून किल्ला घेतला. वाट दाखवणारा माणूस पूर्वी गडावर राहिलेला होता आणि गावातल्या मुलीला भेटायला रात्री याच कड्यावरून उतरत असे. सिंहगडाची गोष्ट ऐकून वाढलेल्या मुलांना इथे काही समजावावं लागत नाही, ती कठड्यावरून वाकून कडा बघायला लागतात. (कठडे ठेंगणे आहेत, त्यांचा हात धरा.) किल्ला परत शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याने तो पाडायला लावला, देवाचं घर म्हणून चॅपल तेवढं ठेवलं.

ट्रेकर मंडळी हमखास विचारतात, गडावर पाणी कुठलं? योग्य प्रश्न. हा खडकही बेसॉल्टचाच, पण सह्याद्रीसारखा लाव्ह्याच्या थरांचा नाही. साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत घट्ट झालेला तो एकसंध गोळा आहे. त्यात पाणी मुरत नाही, टाकी कोरल्याचंही दिसत नाही, सगळी भिस्त विहिरीवर. १५७३ च्या वेढ्यात तोफांनी डेव्हिड्स टॉवर हा बुरूज कोसळला आणि त्याचा राडारोडा मुख्य विहिरीवर पडला. पाणी तुटलं आणि गड पडला.

चॅपलसमोर मॉन्स मेग ही अवाढव्य तोफ आहे. १४४९ मध्ये आजच्या बेल्जियममध्ये घडवलेली, १४५७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सला भेट आलेली, सहा टनांहून जड. दीडशे किलोचा दगडी गोळा ती सव्वातीन किलोमीटरपर्यंत फेकायची. ओतीव नव्हे, लोखंडी पट्ट्या जोडून वर कडी चढवलेली आहे. १६८१ मध्ये सलामी देताना ती फुटली, ती जागा अजून दिसते.

एक वाजताच्या तोफेसाठी किल्ल्यातच थांबायचं का, हा दरवेळचा वाद. ही तोफ १८६१ पासून रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज उडते. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावायला कॅल्टन टेकडीवर वेळेचा गोळा आधीच होता, पण धुक्यात तो दिसत नसे, म्हणून आवाजाची सोय केली. आवाज लीथपर्यंत पोहोचायला दहाएक सेकंद लागत, म्हणून कुठल्या भागात किती सेकंद वजा करायचे याचा नकाशाच त्या वर्षी छापला होता. आमचा सल्ला असा की बाराला किल्ला सोडावा. तोफ बघायची म्हटली तर पाऊण तास आधीपासून गर्दीत उभं राहावं लागतं आणि दिसतात समोरच्यांचे मोबाइल. खालच्या गल्लीत उभं राहून आवाज ऐकला तरी छातीत धडकी भरते. तान्हं बाळ असेल तर आधी सांगून ठेवा.

बाहेर आल्यावर लगेच डाव्या हाताला भिंतीत एक छोटं कारंजं आहे, विचेस वेल. चेटकीण ठरवून या पटांगणावर जाळलेल्या स्त्रियांच्या आठवणीसाठी १८९४ मध्ये ते बसवलं. बसवून घेणारा नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. त्याचीच रॅमसे गार्डन ही शेजारची लाल-पांढरी घरं, आणि पलीकडच्या कॅमेरा ऑब्स्क्युराच्या मनोऱ्यात त्याचं शहर-अभ्यासाचं केंद्र. हाच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचा पहिला प्रमुख झाला. गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, नेमकी बिघडलेली जागा दुरुस्त करा, हे त्याने भारतातल्या शहरांना सांगितलं. त्याची तालीम त्याने याच गल्ल्यांमध्ये, पडक्या घरांत स्वतः राहून केली होती. मुंबईत वाढलेल्या माणसाने रॉयल माइलवर एकाच व्यक्तीबद्दल ऐकायचं ठरवलं तर ते गेडिसबद्दल ऐकावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पुढे लॉनमार्केट. हिमयुगात बर्फाचा प्रवाह पश्चिमेकडून आला, कठीण खडकाला अडून दोन्ही बाजूंनी गेला आणि मागे पूर्वेला मातीची लांब शेपटी ठेवून गेला. त्या शेपटीच्या पाठीवर हा रस्ता आणि दोन्ही अंगांनी खाली उतरणाऱ्या अरुंद गल्ल्या, ज्यांना इथे ‘क्लोज’ म्हणतात. जागा नसल्याने शहर वर वाढलं. ग्लॅडस्टोन्स लँड ही सहा मजली इमारत सतराव्या शतकातल्या श्रीमंत व्यापाऱ्याची, आणि तळमजल्यापासून वरपर्यंत वेगवेगळ्या ऐपतीचे भाडेकरू. लेडी स्टेअर्स क्लोजमध्ये बर्न्स, स्कॉट आणि स्टीव्हन्सन या लेखकांचं छोटं, विनामूल्य संग्रहालय आहे. एकची तोफ ऐकायला हे अंगण उत्तम.

जेवणासाठी अपर बोवरून व्हिक्टोरिया टेरेसवर उतरतो. खाली रंगीत दुकानांची वळणदार व्हिक्टोरिया स्ट्रीट. इथेच शहराची खरी खोच कळते. नकाशात जॉर्ज चौथा ब्रिज आणि काउगेट हे रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात, प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. पलीकडच्या १७८८ च्या साउथ ब्रिजला १९ कमानी आहेत, पण उघडी दिसते एकच. बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी गिळल्या आहेत. मोबाइलवरचा नकाशा ‘दोन मिनिटं’ दाखवतो आणि तुम्ही पंधरा मीटर उंचीवर उभे राहून खालच्या हॉटेलकडे बघत राहता. गाइड नसलेल्यांची चुकामूक होते ती इथे.

शाकाहाऱ्यांनी निर्धास्त राहावं. हॅगिसची शाकाहारी आवृत्ती बहुतेक ठिकाणी मिळते, ओट, डाळी, बीन्स आणि बियांची. चवीला मिरपुडीची झणझण असते. खऱ्या हॅगिसमध्ये मेंढीचं काळीज, यकृत आणि फुप्फुस असतं, मांसाहाऱ्यांनी एकदा तरी खावं. दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. चिप्स कशात तळल्या आहेत, कारण काही दुकानांत बीफची चरबी वापरतात. आणि सूपचा आधार कशाचा, कारण भाज्यांच्या दिसणाऱ्या सूपमध्येही मांसाचं पाणी असू शकतं. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर टेबल आधी राखावं, आणि ते सव्वाएकचं. ठराविक वेळी भात-पोळी लागणारे आजोबा बरोबर असतील तर डबा आणा. खायला जागा पुढे सांगतो.

जेवणानंतर ग्रेफ्रायर्सचं कबरस्तान. १६३८ मध्ये, राजाने चर्चवर लादलेल्या बदलांविरुद्धच्या राष्ट्रीय करारनाम्यावर इथे सह्या झाल्या. काही कबरींवर लोखंडी पिंजरे आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांना विकण्यासाठी प्रेतं पळवली जात त्या काळातले. बाहेर बॉबी या कुत्र्याचा पुतळा आहे, मालकाच्या कबरीपाशी चौदा वर्षं बसून राहिल्याची ज्याची ख्याती. त्याचं नाक घासू नका. ही जुनी प्रथा नाही, पर्यटकांनी अलीकडे पाडलेली आहे आणि धातू झिजतो. समोर स्कॉटलंडचं राष्ट्रीय संग्रहालय: प्रवेश विनामूल्य, स्वच्छतागृहं चांगली, आणि वरच्या गच्चीवरून किल्ला संपूर्ण दिसतो. पाऊस कोसळत असेल तर आम्ही दिवसातला दीड तास इथे वळवतो. क्लोन केलेली डॉली मेंढी आणि लुईस बेटावरचे बुद्धिबळाचे मोहरे दोन्ही इथे आहेत.

तीनच्या सुमारास सेंट जाइल्स. आत शिरल्यावर कोपऱ्यातलं १९११ चं थिसल चॅपल शोधा. तिथे बॅगपाइप वाजवणारा देवदूत कोरला आहे, मुलांना शोधायला लावा. बाहेर फरशीवर दगडांचं हृदय, तिथे पाडलेला तुरुंग होता. लोक त्यावर थुंकतात, म्हणून सामान तिथे टेकवू नका. समोरच्या मेरी किंग्ज क्लोजमध्ये, म्हणजे १७५३ नंतर वर इमारत बांधल्याने गाडल्या गेलेल्या गल्लीत जायचं असेल तर वेगळं तिकीट, तासाभराचा वेळ आणि त्यांचाच गाइड. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, बंद जागेची भीती असणाऱ्यांनी टाळावं. एका दिवसात किल्ला, मेरी किंग्ज क्लोज आणि होलीरूड तिन्ही आतून बघणं शक्य आहे, पण आम्ही ते करत नाही. किल्ला आणि आणखी एक, एवढंच. तिसऱ्या ठिकाणी कोणाचंच लक्ष उरत नाही.

इथून पुढे कॅननगेटचा उतार आणि गर्दी एकदम ओसरते. कॅननगेटच्या चर्चच्या आवारात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथची कबर आहे. त्याच्या पुढे डनबार्स क्लोज, बाहेरून कळणारही नाही अशी. आत सतराव्या शतकाच्या धर्तीवर लावलेली बाग, बाकं आणि शांतता. डबा इथे खावा, कचरा बरोबर न्यावा. ज्यांचे पाय दुखत असतील त्यांच्यासाठी ३५ नंबरची बस याच रस्त्याने खाली जाते, बँकेचं कार्ड टेकवून चढता येतं. रोख दिलीत तर सुट्टे परत मिळत नाहीत.

तळाशी होलीरूड. आतून बघायचं असेल तर शेवटचा प्रवेश दार बंद व्हायच्या बराच आधी थांबतो, म्हणून चारच्या आत पोहोचावं लागतं आणि त्यासाठी ग्रेफ्रायर्स गाळावं लागतं. ९ मार्च १५६६ रोजी राणी मेरीच्या डोळ्यांदेखत तिचा चिटणीस रिझिओ याला जिथे मारलं, त्या खोल्या इथे आहेत. आत बाहेरच्या गाइडपेक्षा राजवाड्याचा ऑडिओ ऐकत सावकाश फिरणं बरं. आत जायचं नसेल तर जाळीतून राजवाडा, समोर २००४ ची संसद, आणि मागे सॅलिसबरी क्रॅग्जचा कडा. खालून उकळत आलेला खडक आधीच्या थरांत कसा घुसला ते भूशास्त्रज्ञ जेम्स हटनने या कड्यात दाखवलं आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षं मानणाऱ्या काळाला धक्का दिला. २५१ मीटरचा आर्थर्स सीट याच दिवशी चढायचा हट्ट धरू नका. आठ तास चालल्यावर ती उतरण पाय मुरगाळणारी आहे.

शेवट कॅल्टन हिलवर. होलीरूडहून चढ आहे, म्हणून टॅक्सी घ्यावी. १८२६ मध्ये सुरू करून १८२९ मध्ये पैशांअभावी थांबलेलं बारा खांबांचं राष्ट्रीय स्मारक, नेल्सनचा मनोरा, आणि समोर नव्या शहराच्या सरळ रेषा. नवं शहर आम्ही या दिवसात घेत नाही. ते सपाट आहे, आखीव आहे, जेम्स क्रेगच्या १७६७ च्या आराखड्याने बांधलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडशिवाय सहज फिरता येतं. लॉख नेस त्याच दुपारी होईल का असंही विचारतात. होत नाही, जाऊन-येऊन बारा तासांची ती वेगळी सहल आहे.

टिप ऐच्छिक. आवडलं तर दहा टक्क्यांच्या आसपास देतात, न दिल्यास कोणी वाईट मानत नाही. सुट्ट्यात मिळालेल्या स्कॉटिश बँकांच्या नोटा इथेच खर्च करा. भारतात त्या बदलून घेताना त्रास होतो. संध्याकाळचं विमान असेल तर कॅल्टन हिलवरून खाली उतरून ट्राम पकडा. विमानतळापर्यंत अर्धा-पाऊण तास लागतो, आणि सामान हॉटेलात ठेवलं असेल तर तेवढाच वेळ आणखी धरा.